पवनारचा बंगला की सेवाग्रामची कुटी?

वर्ध्याला एकच दुपार हाताशी असेल, तर मी सेवाग्राम म्हणेन. १९३६ साली गांधीजी राहायला आले ते आदी निवास आणि शेजारची बापू कुटी, दोन्ही माती-बांबूची, कौलारू. आश्रमात व्हाइसरॉयशी बोलायचा फोन, साप पकडायचा चिमटा! उन्हाळ्यातही कुटीत गारवा असतो, आमच्या स्लॅबच्या घरात तो कुठला?

पवनारला धाम नदीकाठी जमनालाल बजाजांचा बंगला होता. १९३८ साली विनोबा तब्येत सुधारायला तिथे आले आणि तिथलेच झाले. ऑक्टोबर १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह पवनारलाच सुरू झाला. पाहायला वस्तू कमी, पण नदीकाठी बसायला पवनारच बरं. पावसाळा संपता संपता जा.