गुडघ्यातली दोन इंजेक्शनं आणि माझी वही

एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, त्यातली निम्मी सातारा-महाबळेश्वर गाडीवर. केळघर घाटात उभ्यानं तिकिटं दिली. आता डावा गुडघा झिजलाय, एक्स-रेत तिसरी ग्रेड. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहायचा हात, म्हणून दुखणंही वहीत मांडलं: रोज रात्री, दहापैकी किती.

पहिलं इंजेक्शन स्टेरॉइडचं, साताऱ्यातच घेतलं. तपासणीसह 1800 रुपये. डॉक्टरांचा हात हलका. मला शुगर आहे, तर ‘काही दिवस वाढेल, रोज तपासा’ असं त्यांनी आधीच बजावलं. उपाशीपोटीची 130 ची 210 झाली, आठवड्यात खाली आली. वहीत आठाचे चौथ्या दिवशी तीन! त्या रविवारी ‘चार भिंती’ या साताऱ्यातल्या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चालत गेलो, वर बसून डोळे भरून आले. नवव्या आठवड्यात मात्र पुन्हा सहा.

मग दुसऱ्या एका दवाखान्यात जेलचं इंजेक्शन घेतलं. हायलुरोनिक ॲसिड, सांध्यातल्या वंगणात मुळात असतं तेच. ‘वर्षभर बघायला नको’ म्हणाले. 16,000 रुपये. आमची पेन्शन किती, ते एसटीवाल्यांना ठाऊक आहे. दोन महिन्यांनी वहीत सहाचे पाच.

मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं सांगितलं, 2022 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तर जेलचा फायदा खोट्या इंजेक्शनपेक्षा इतका थोडा निघाला की पेशंटला जाणवूही नये. हे पैसे भरायच्या आधी तिथं कुणीतरी सांगायला हवं होतं. याचा मला खरंच राग आहे. तिथंच पुढं पीआरपीही सुचवलं, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन. ऑस्ट्रेलियात 288 जणांवर त्याची चाचणी झाली, 2021 ची. वर्षानंतर सलाइन टोचलेल्यांपेक्षा दुखणं काही फार कमी नव्हतं. मी नाही म्हणालो.

स्टेरॉइडही दर तीन महिन्यांनी घेत सुटू नये. 2017 च्या अमेरिकेतल्या चाचणीत दोन वर्षं तसं दिलं, तर कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गादी, जास्त झिजली आणि दुखणं सलाइनवाल्यांइतकंच राहिलं.

साताऱ्याच्या डॉक्टरांना मी चांगलं म्हणतो ते यासाठी: ‘दुखणं उतरलंय तोवर मांडी बळकट करा’ म्हणून त्यांनी मागं लागून व्यायाम सुरू करून दिला. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा, सकाळ-संध्याकाळ. तो अजून चालू आहे. काल रात्री वहीत चार लिहिले.