नाताळच्या घोड्यापायी गेलेले १८५ डॉलर

मागच्या नोव्हेंबरात माझे १८५ डॉलर गेले. पैशांपेक्षा ते कसे गेले हे सांगायचंय, कारण ब्रायरचे घोडे जमवणारी तीन-चार मराठी घरं आमच्या न्यू जर्सीतच माझ्या ओळखीची आहेत, आणि नाताळ जवळ आला की हा प्रकार पुन्हा होणार.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्रायर कंपनीने १९५० साली शिकागोत एका घड्याळाला शोभा म्हणून प्लॅस्टिकचा घोडा ओतला. लोकांना घोडाच जास्त आवडला आणि पुढे तोच त्यांचा धंदा झाला. दर नाताळला त्यांचा एक खास घोडा येतो. अंगावर झूल, गोंडे, लगामाला घुंगरू, आणि आकार खऱ्या घोड्याच्या साधारण एक नवमांश. वर्ष सरलं की तो घोडा बंद, पुढच्या नाताळला दुसरा. त्यामुळे जुना हवा असेल तर कुणा जमवणाऱ्याकडूनच घ्यावा लागतो. फसवणारा नेमका इथे टपून बसलेला असतो.

माझ्या लेकीची सुरुवात छोट्या घोड्यांपासून झाली, तळहातावर मावणाऱ्या. दिवाळीत मागच्या अंगणात आम्ही किल्ला करतो. पुण्याहून आणलेल्या मातीच्या मावळ्यांच्या शेजारी ते घोडे अंगाने अगदी बरोबर बसतात. अळीव उगवले की ते हिरवळीत चरताहेत असं वाटतं. मग मोठे घोडे आले, आणि गेल्या वर्षी तिने वाढदिवसाला एकच गोष्ट मागितली, ती जन्मली त्या वर्षीचा नाताळचा घोडा.

घोडे विकणाऱ्यांच्या एका गटात मी तशी चौकशी टाकली. तासाभरात एका बाईंचा निरोप आला. सहा फोटो होते, खिडकीशी ठेवलेला घोडा, सगळ्या बाजूंनी. त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं, ‘उजव्या कानाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा रंग घासला आहे, झुलीचा एक गोंडा सैल आहे. आधीच सांगितलेलं बरं.’ मी तिथेच विरघळले. फसवणारा माल चकाचक असल्याचं सांगतो, वस्तूतली खोट सांगणारा माणूस खरा असतो, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. भावही संशय यावा इतका कमी नव्हता. नेहमी चालतो तोच.

पैसे पाठवताना त्या म्हणाल्या, पैसे धाडायच्या ॲपवर ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडा, नाहीतर माझ्याकडून कमिशन कापलं जातं. मी निवडला. खरेदीचा पर्याय घेतला असता तर माल न आल्यास तक्रार करून पैसे परत मागता आले असते. या पर्यायात ती सोय नाही, आपण आपल्या माणसाला पैसे दिले एवढाच त्याचा अर्थ होतो. वाचलेलं कमिशन होतं जेमतेम सहा डॉलर.

ट्रॅकिंग नंबर मिळाला, तेव्हा तर मी निर्धास्तच झाले. पाचव्या दिवशी ‘पोहोचलं’ असं दिसलं, पण दारात काहीच नाही. शेजारी विचारलं, गॅरेजमागे पाहिलं. पोस्टात गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने नंबर घालून पाहिलं आणि स्क्रीनवर बोट ठेवून शांतपणे सांगितलं, ‘हे तुमच्या पत्त्यावर आलेलंच नाही. गाव तुमचं आहे, घर दुसरं. आणि हे खोकं नाही, पाकीट आहे.’ घेणाऱ्याच्या गावातल्या कुठल्याही पत्त्यावर रिकामं पाकीट धाडायचं, म्हणजे ‘पोहोचलं’ हा शिक्का मिळतो. ही युक्ती मला तोवर ठाऊक नव्हती. घरी येईपर्यंत त्या बाईंनी मला ब्लॉक केलं होतं.

त्या रात्री मी ते फोटो इंटरनेटवर आधी कुठे आलेत का हे शोधून पाहिलं, जे आधी करायला हवं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या एका जाहिरातीत तेच सहा फोटो सापडले, तीच खिडकी. आणि खाली तेच शब्द, तांदळाचा दाणा, सैल गोंडा, सगळं. ज्या प्रामाणिकपणावर मी भाळले तो दुसऱ्याच बाईचा होता, उचलून आणलेला. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आला, अजूनही येतो.

आता मी काहीही घेताना एक फोटो मागते. घोड्याच्या पायाशी हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर माझं नाव आणि आजची तारीख. खऱ्या विक्रेत्याला त्याला दोन मिनिटं लागतात. जो टाळतो, रागावतो, किंवा ‘घोडा पॅक करून झालाय’ म्हणतो, त्याला मी रामराम करते. पैसे खरेदीच्याच पर्यायाने देते, कमिशन माझ्याकडून. तक्रार मी एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे, दोन्हीकडे केली. भारतात कुणाचं असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकत जातात.

मूळ जाहिरातवाल्या बाईंना मी कळवलं. त्यांनी तो घोडा केव्हाच विकला होता, पण आपले फोटो असे वापरले गेल्याचं त्यांना फार लागलं. त्यांनी घेणारीला विचारलं, आणि आठवड्याने मला एक फोटो आला. तोच घोडा, कानाच्या टोकावर तोच पांढरा ठिपका, पायाशी चिठ्ठी आणि तिच्यावर माझ्या लेकीचं नाव. घोडा विकायचा नाही, असं त्या घेणारीने कळवलं होतं. लेकीने तो फोटो छापून मांडणीवरच्या रिकाम्या जागी लावला आहे.