स्ट्राँगचा हिब्रू कोश: दानीएल-यहेज्केल वाचणाऱ्यांना कितपत कामाचा?

शरणपूरची मंडळी असो, नाशिकरोडची घरसभा असो की सिडकोतल्या तरुणांचा बायबल अभ्यास, अंतसमयाचा विषय निघाला की कुणीतरी फोन काढतं आणि म्हणतं, "मूळ हिब्रूत याचा अर्थ वेगळाच आहे." हा 'मूळ अर्थ' बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून आलेला असतो. जेम्स स्ट्राँग यांची शब्दसूची, म्हणजे इंग्रजी बायबलातला कुठला शब्द कुठल्या वचनांत येतो ते दाखवणारी यादी, १८९० साली निघाली, आणि तिच्या मागे जोडलेला छोटा कोश आज मोफत बायबल ॲपांमधून सगळ्यांच्या हातात आहे. हे परीक्षण त्या कोशाचं आहे, तेही एकाच कामापुरतं: भविष्यवाण्या वाचताना तो किती उपयोगी पडतो.

निकाल आधीच सांगतो. एखादा शब्द पवित्र शास्त्रात कुठे कुठे आला आहे, हे शोधायला याच्याइतकं सोपं साधन नाही. शब्दाचा अर्थ ठरवायला तो अपुरा आहे. आणि त्याच्यावरून वर्षं-तारखा काढणं म्हणजे फूटपट्टीने ताप मोजणं.

आधी त्याची रचना समजून घ्या, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. जुन्या करारातल्या हिब्रू आणि अरामी शब्दांना १ ते ८६७४ असे क्रमांक दिले आहेत. ग्रीक शब्दांची मालिका पुन्हा १ पासून सुरू होते. म्हणून ॲपमध्ये हिब्रू क्रमांकाआधी 'एच' आणि ग्रीक क्रमांकाआधी 'जी' हे अक्षर असतं. ते न लिहिता नुसता आकडा टाकला, तर भलताच शब्द समोर येतो आणि कळतही नाही.

एका नोंदीत चार भाग असतात: हिब्रू शब्द, उच्चार, व्युत्पत्ती व थोडक्यात अर्थ, आणि शेवटी विसर्गासारखी दोन टिंबं व एक आडवी रेघ. त्या रेघेनंतर जे शब्द येतात ते अर्थ नाहीत. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात त्या हिब्रू शब्दासाठी कुठे ना कुठे जे इंग्रजी शब्द वापरले गेले, त्यांची ती फक्त यादी आहे. त्यातला आपल्याला आवडलेला शब्द उचलून दुसऱ्याच वचनात बसवणं ही या कोशाबाबतची सर्वांत मोठी चूक. मराठी 'पाणी' शब्दाच्या नोंदीत 'तलवारीचं पाणी', 'डोळ्यांतलं पाणी', 'मोत्याचं पाणी' असं सगळं लिहिलेलं असेल, म्हणून 'गंगापूर धरणात पाणी आलं' याचा अर्थ धरणाला धार आली असा कुणी करत नाही.

आता एक शब्द अगदी जवळून पाहू. दानीएल १२:४: अंतसमयी पुष्कळ लोक इकडेतिकडे फिरतील आणि ज्ञान वाढेल. हे वचन विमानं, महामार्ग आणि इंटरनेट यांच्याबद्दल आहे, असं ठासून सांगणारे संदेश मोबाइलवर येतच असतात. 'फिरतील' यासाठीचं क्रियापद 'शूत', क्रमांक ७७५१. नोंद उघडली तर दिसतं: मुळात पुढे ढकलणे, समुद्राला वल्ह्यांनी फटकारणे म्हणजे वल्हवणे, त्यावरून प्रवास करणे. इथे थांबलात तर 'प्रवास' हाती लागतो आणि विमानाचा अर्थ पक्का वाटतो. थांबू नका. त्याच पानावर सगळ्या उल्लेखांची यादी मिळते. हे क्रियापद १३ वचनांत येतं. तेराही मराठीत काढून वाचायला अर्धा तास पुरतो.

गणना ११:८ मध्ये लोक मान्ना गोळा करत फिरतात. यहेज्केल २७ मध्ये दोनदा वल्हवणारे आहेत. ईयोबात सैतान पृथ्वीवर हिंडून येतो. आता रूपाकडे पाहा. ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की व्याकरणाची माहिती येते, त्यात क्रियापदाचा प्रकार दिलेला असतो. दानीएलात 'पोलेल' हा प्रकार आहे. तोच प्रकार आणखी चार ठिकाणी सापडतो: यिर्मया ५:१ मध्ये एक तरी न्यायी माणूस सापडतो का म्हणून यरुशलेमेच्या रस्त्यांतून फिरून शोधा; आमोस ८:१२ मध्ये लोक परमेश्वराचं वचन शोधत भटकतील, पण ते सापडणार नाही; २ इतिहास १६:९ आणि जखऱ्या ४:१० मध्ये परमेश्वराचे नेत्र सर्व पृथ्वी धुंडाळतात. हे सगळं फिरणं काहीतरी शोधण्यासाठी आहे. दानीएलाच्या वचनाच्या पहिल्या अर्ध्यात ग्रंथावर शिक्का मारायला सांगितलं आहे. म्हणजे फिरणं बहुधा त्या शिक्कामोर्तब झालेल्या शब्दांच्या शोधासाठी आहे, आणि वाढणारं ज्ञान तेच. कोशातल्या व्याख्येत यातलं काहीच नव्हतं. यादीत सगळं होतं. म्हणून या साधनाची खरी किंमत यादीत आहे असं आम्ही म्हणतो.

दुसरं प्रसिद्ध उदाहरण यहेज्केल ३८:२ मधलं 'रोश'. किंग जेम्सने त्याचा अर्थ 'मुख्य' घेतला, 'मेशेख व तुबाल यांचा मुख्य अधिपती'. काही भाषांतरं त्याला देशाचं नाव मानतात, आणि जुन्या ग्रीक भाषांतरातही तो नावासारखाच ठेवला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाचनांना आधार आहे, त्यावर अभ्यासकांत प्रामाणिक मतभेद आहेत. पण 'रोश म्हणजे रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे तोबोल्स्क' ही साखळी मात्र निव्वळ आवाजावर उभी आहे. मॉस्कोचा पहिला उल्लेख ११४७ सालचा, तोबोल्स्क वसलं १५८७ मध्ये. यहेज्केल लिहीत होता इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात. मेशेख आणि तुबाल ही त्या काळी आजच्या तुर्कस्तानात राहणाऱ्या लोकांची नावं होती, अश्शूरी लेखांत ती मुश्कू आणि ताबाल अशी येतात. आणि याच वचनात अधिपतीसाठी हिब्रू शब्द आहे 'नासी', क्रमांक ५३८७. आवाज जुळला की अर्थ जुळला असं मानायचं, तर यहेज्केलात नाशिकही काढता येईल. शूर्पणखेच्या नाकाची कथा सांगणाऱ्या या गावात तसं कुणी म्हणणार नाही. मग रशियाच्या बाबतीत ते का चालावं?

'रोश'च्या नोंदीत आणखी एक खड्डा आहे. शब्द कुठल्याशा वापरात नसलेल्या धातूपासून आला, त्याचा अर्थ 'हलवणे' असावा, असं स्ट्राँग सांगतात. यावरून 'हादरवणारं राष्ट्र' असा अर्थ काढलेला पाहायला मिळतो. जुन्या करारात 'रोश' सहाशेच्या आसपास वेळा येतो: डोकं, शिखर, सुरुवात, प्रमुख. त्यात हलण्याचा मागमूसही नाही. धातू हा शब्दाचा जन्मदाखला असतो. शब्द आज काय काम करतो हे त्यात लिहिलेलं नसतं.

सगळ्यात सावध राहायला हवं दानीएल ९:२४ ते २७ वाचताना, कारण तारखांचं गणित इथूनच सुरू होतं. 'सत्तर सप्तके'मधला शब्द 'शाबूअ', क्रमांक ७६२०. नोंद म्हणते: सातचा गट, म्हणजे आठवडा, आणि कंसात, 'विशेषतः वर्षांचा'. ही कंसातली भर म्हणजे लावलेला अर्थ आहे, शब्दार्थ नव्हे. अनुवाद १६:९ मध्ये हाच शब्द सात दिवसांच्या आठवड्यांसाठी आहे. दानीएल १०:२ मध्ये तीन सप्तकांपुढे 'दिवस' हा शब्द मुद्दाम जोडला आहे. वर्षं घ्यायची ती संदर्भामुळे, कारण ९:२ मध्ये यिर्मयाने सांगितलेल्या सत्तर वर्षांचा विचार चालू आहे, आणि लेवीय २५:८ मध्ये वर्षांची सप्तकं मोजलेली आहेत. कारण भक्कम आहे. पण ते वाचणाऱ्याने स्वतः पाहायला हवं, कोशाच्या कंसातून उसनं घेऊ नये.

त्याच वचनातला 'नेहतख', क्रमांक २८५२, 'ठरवले आहेत' या अर्थाने येतो. नोंदीत 'कापणे, त्यावरून ठरवणे' असं आहे. हा शब्द संपूर्ण हिब्रू शास्त्रात फक्त इथेच येतो. म्हणून सत्तर सप्तकांची (७० × ७) ४९० वर्षं ८:१४ मधल्या २३०० दिवसांतून 'कापून' घ्यायची, असं गणित मांडणाऱ्यांना तो सोयीचा वाटतो. एकदाच आलेल्या शब्दाला तुलनेसाठी दुसरं वचन नसतं, म्हणून त्याच्यावर जितकं कमी उभारावं तितकं बरं. ९:२५ मध्ये तर अडचण शब्दाची नाहीच. सात सप्तकं आणि बासष्ट सप्तकं एकत्र मोजायची की वेगळी, हे वाक्यातल्या विरामावर ठरतं. परंपरेने चालत आलेल्या हिब्रू पाठात मोठा विराम 'सात सप्तकां'नंतर आहे, किंग जेम्सने दोन्ही एकत्र वाचली. विरामांना क्रमांक नसतात. इथे कोश पूर्ण मुका आहे.

काही गोष्टी तो रचनेमुळेच दाखवू शकत नाही. आमोस ८:२ मध्ये संदेष्ट्याला उन्हाळी फळांची टोपली दिसते. फळं म्हणजे 'कायित्स', क्रमांक ७०१९. लगेच परमेश्वर म्हणतो 'केत्स' आला, म्हणजे शेवट, क्रमांक ७०९३. वचनाचा सगळा धक्का या दोन सारख्या आवाजांत आहे, पण स्ट्राँग दोन्ही शब्द वेगवेगळ्या धातूंकडे पाठवतात, त्यामुळे नोंदी वाचून श्लेष कळत नाही. वचन मोठ्याने वाचलं तरच कळतो. गेझेर इथे सापडलेल्या इसवी सनापूर्वी दहाव्या शतकातल्या शेतीच्या दिनदर्शिकेत शेवटचा महिना याच उन्हाळी फळांचा आहे. टोपली दिसली की ऐकणाऱ्याला हंगाम उलगडल्याचं समजायचं. आणि हा शेवट इस्राएल राज्याचा आहे. दानीएलातला 'केत्स' तोच शब्द आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी तीच घटना असा अर्थ होत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या वाचकाला योएल ३:१३ मात्र आपोआप कळेल. तिथे पीक 'पिकलं' यासाठी 'बाशल', क्रमांक १३१०. नोंद सांगते: उकळणे, शिजणे, त्यावरून पिकणे. 'राष्ट्रं उकळत आहेत' असा अर्थ याच नोंदीवरून काढता येईल आणि तो चुकेल. उत्पत्ती ४०:१० मध्ये हाच धातू द्राक्षांच्या घडांसाठी आहे. मण्यात पाणी उतरून घड तयार होणं, इतकाच त्याचा अर्थ. पुढे 'गथ' म्हणजे द्राक्षं तुडवायचं कुंड, १६६०, आणि 'येकेव' म्हणजे ज्यात रस उतरतो ते खालचं कुंड, ३३४२. वरचं भरलं आहे आणि खालची वाहत आहेत, असं चित्र आहे. दोन शब्द वेगळे आहेत हे लक्षात आलं की न्यायाची घाई किती आहे ते दिसतं. अशा ठिकाणी कोश खरोखर पैसा वसूल.

आता बारीकसारीक अडचणी. वचनांचे क्रमांक हिब्रू आणि मराठीत सगळीकडे जुळत नाहीत: योएलाचे हिब्रूत चार अध्याय आहेत, मराठीत तीन, त्यामुळे वरचं वचन हिब्रू पाठात ४:१३ ला मिळेल. मलाखीचं उलटं, मराठीत चार आणि हिब्रूत तीन. दानीएल २:४ च्या मध्यापासून सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत भाषा अरामी आहे. ७:२५ मधला 'काळ' म्हणजे अरामी 'इद्दान', ५७३२, आणि १२:७ मधला हिब्रू 'मोएद', ४१५०. साडेतीन काळांचा हिशेब दोन्हीकडे तोच दिसला तरी हिब्रू शब्दाच्या यादीत अरामी वचन येणार नाही, दोन्ही क्रमांक वेगळे शोधावे लागतात. उच्चाराकडे दुर्लक्ष करा, ते इंग्रजी वाचकांसाठी लिहिले आहेत. 'त्सादे' हे अक्षर आपल्याला सोपं आहे, 'चाक'मधला च म्हटला की झालं. प्रकटीकरण ग्रीकमध्ये आहे. तिथल्या शब्दांना हिब्रू धातू लावायचा नाही, अपवाद फक्त ग्रंथ स्वतः 'इब्री भाषेत' म्हणतो तिथला, जसं ९:११ मधलं अबद्दोन आणि १६:१६ मधलं हर्मगिदोन.

गटात वापरायचा असेल तर एका बैठकीला एकच शब्द घ्या. एकाच्या फोनवर क्रमांकांसह किंग जेम्स, दुसऱ्याच्या हातात छापील मराठी बायबल. पंडिता रमाबाईंचं १९२४ साली छापलेलं भाषांतर मिळालं तर तेही जवळ ठेवा, कारण ते त्यांनी थेट हिब्रू-ग्रीकवरून केलं. तिसऱ्याने सगळे संदर्भ वहीत ओळीने लिहायचे: आधी त्याच पुस्तकातले, मग त्याच काळातल्या संदेष्ट्यांचे, मग उरलेले. प्रत्येकापुढे त्या वचनापुरता अर्थ एका शब्दात. पन्नासपेक्षा जास्त उल्लेख असतील तर फक्त त्याच पुस्तकातले घ्या. कोशातली व्याख्या वही भरून झाल्यावर उघडायची, आधी नाही.