पियानो बारसाठी मुंबई गाठावी की नाशिकच्या गंगापूर रोडलाच बसावं?

पैशाचं आधीच सांगून टाकतो, नाशिक स्वस्त पडतं. मुंबईत बिल जास्त, वर रात्री राहायची सोय बघा, त्यामुळे बजेट हाच मुद्दा असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. माझ्या डोक्यात वेगळी केस आहे, लग्नाचा वाढदिवस म्हणा किंवा बरेच दिवसांनी भेटलेले मित्र म्हणा, दोघं-चौघं जण, घाई नाही, हातात ग्लास आणि कोपऱ्यात कोणीतरी छान वाजवतंय.

वाइनमध्ये नाशिकला तोड नाही राव. सुला या इथल्या वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, आणि आता गंगापूर रोडने धरणाच्या बाजूला गेलात की बसायच्या जागांना कमी नाही. जानेवारी ते मार्च तोडणीचा सीझन, संध्याकाळी हवेत गारवा, समोर द्राक्षाच्या ओळी, पलीकडे पाणी, थंडगार शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन. मुंबईत तीच बाटली फाइव्ह स्टारच्या भावात घेताना नाशिककराच्या जिवावर येतंच. इथून घरीही लवकर पोचतो, फक्त गाडी चालवणारा न पिणारा हवा.

पण गाण्याचं काय?

लॉनवर खरा पियानो कोणी ठेवत नाही, बरोबरच आहे, दवाने आणि दमटपणाने आतलं लाकूड फुगतं आणि सूर हलतात. मग येतो कीबोर्ड, कीबोर्ड आला की स्पीकर आलाच, आणि स्पीकर आला की तो आपल्याच टेबलाकडे तोंड करून उभा असतो. एका जागी (नाव नको) मी वेटरला म्हणालो, दादा आवाज जरा कमी करायला सांगा ना. "हो सर." दोन मिनिटं कमी झाला, परत होता तिथे. साउंडवाला मोबाइलमध्ये. बायको काहीतरी महत्त्वाचं सांगत होती, मी तीनदा "काय?" केलं आणि चौथ्यांदा नुसती मान हलवली, घरी आल्यावर कळलं की साडूकडच्या साखरपुड्याला दोन दिवस आधी जायचं मी कबूल केलंय. त्यात उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकरला एरवी बंदी, म्हणून साडेनऊपासून सगळी नाचायची गाणी एकदम बाहेर काढतात आणि तुम्ही नेमके तेव्हा जेवत असता. सगळीकडे असंच असेल असं नाही म्हणत, ग्रुप मोठा असेल, पोरांना नाचायचं असेल तर उलट हेच पाहिजे. मला मात्र तिथेच नको झालं.

मुंबईत निव्वळ पियानो बार असे फार नाहीत, दक्षिण मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांचे बार आणि लाउंज, एवढंच धरा. ताजचं सी लाउंज प्रसिद्ध आहे, पण तो मुख्यतः दुपारच्या चहाचा मामला. त्याच ताजमध्ये १९३० च्या दशकात टेडी वेदरफर्ड नावाचा अमेरिकन जॅझ पियानिस्ट वाजवायचा, आणि पुढे चर्चगेटच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे बरेच गोवेकर दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला असायचे. त्यामुळे पियानोवर हिंदी गाणं मागायला इथे संकोच नको. मी टिश्यूवर एका जुन्या गाण्याचा मुखडा लिहून दिला होता, त्या गृहस्थांनी वाजवता वाजवताच वाचला, चालू होतं ते इंग्रजी गाणं न थांबवता हळूच वळवत वळवत आमच्या गाण्यात आणून सोडलं. शेजारच्या टेबलाला पत्ताही नाही. आणि वेटर ऑर्डर घ्यायला वाकला की यांचा डावा हात हलका व्हायचा, हे मी मुद्दाम दोन-तीनदा बघितलं. आवाज बोटांत असतो, जोरात दाबलं तर जोरात, हळू दाबलं तर हळू, कोणाला सांगायला जावं लागत नाही. आम्ही दोघं जवळजवळ कुजबुजत बोलत होतो, तेही अकरा वाजून गेल्यावर.

त्रास प्रवासाचा, नाही कशाला म्हणू. नाशिकला येणारी पंचवटी एक्सप्रेस सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते, म्हणजे पियानोवाला यायच्या आधी तुमची गाडी गेली. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक आहे तिथेच आहे. रात्री परत यायच्या भानगडीत पडू नका, दादर-ठाण्याला कोणी नातेवाईक असेल तर आधीच गोड बोलून ठेवा.

द्राक्षांच्या सीझनला पाहुणे आले की मी त्यांना गंगापूर रोडलाच नेतो, अजूनही. दोघांचंच जायचं असलं की मुंबई. जाणार असाल तर फोन करून दोन गोष्टी विचारा, त्या दिवशी पियानिस्ट आहे का, आणि पियानो खरा आहे की डिजिटल. जमलं तर मंगळवार-बुधवार बघा, शनिवारी तिथेही गर्दीचाच आवाज जास्त. टेबल पियानोला अगदी चिकटून नको, दोन टेबलं सोडून मागा, वाजवणाऱ्याचे हात दिसतील अशा बाजूचं.