कमोडवर ठेवायचा शेकाचा टब: रात्रीच्या कळेसाठी घेतला, उपयोगी पडला

गाढ झोपेत गुदद्वारात आतून पिळवटल्यासारखी कळ येते, घाम फुटतो आणि काही मिनिटांत सगळं शांत. डॉक्टरांनी नीट तपासून नाव सांगितलं, प्रोक्टाल्जिया फ्युगॅक्स. तिथल्या स्नायूंना अचानक पेटका येतो. दुखतं जिवावर बेतल्यासारखं, पण धोका नसतो.

त्यासाठी, गरम पाण्यात बसून शेक घ्यायला, हा प्लास्टिकचा टब घेतला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घमेल्यात उकिडवं बसणं म्हणजे दुसरी शिक्षा, इथे सरळ कमोडवर बसता येतं. कड रुंद आहे, बसल्यावर टब हलत नाही. मागच्या खाचांतून जास्तीचं पाणी कमोडमध्येच पडतं, फरशी कोरडी राहते. सोबतची पाण्याची पिशवी आणि नळी मात्र बेकार, जोडापाशी गळते. मी ती वापरतच नाही.

पाणी कोपराला सोसेल इतकंच गरम, साधारण ४० अंश. मीठ, डेटॉल काही लागत नाही. अंग सैल सोडून लांब श्वास घेत बसायचं, कुंथायचं नाही. बरेचदा पाणी तापेपर्यंतच कळ ओसरते, हेही खरं. पण लांबली तर या शेकानेच मला सैल वाटतं.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर घेऊ नका, बसणार नाही. आणि रक्त पडत असेल, ताप असेल किंवा दुखणं अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.