कोणाकडे कुठले अधिकार: उघड ठेवायचे की झाकून?

विकिपीडियावर कोण प्रचालक (पानं डिलीट करण्यासारखे जास्तीचे अधिकार असलेला सदस्य) आहे, त्याला तो अधिकार कधी आणि कोणी दिला, हे सगळं लॉगमध्ये, म्हणजे साइटच्या नोंदवहीत, कोणालाही बघता येतं. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइटवर, उलटं, तुम्ही एखाद्या ऑर्गनायझेशनचे (तिथल्या गटाचे) मेंबर असलात तरी बाहेरच्यांना ते डिफॉल्टने दिसत नाही, दाखवायचं असेल तर स्वतः पब्लिक करायचं.

मला उघड पद्धतच पटते. समजा तुम्ही तीन संध्याकाळी बसून लिहिलेलं पान सकाळी उठून बघता तर गायब, तर निदान लॉगमध्ये डिलीट करणाऱ्याचं यूजरनेम, वेळ आणि कारण तरी सापडतं, थेट त्याच्या चर्चापानावर जाऊन विचारता येतं की बाबा का काढलंस. हेच नाव लपलेलं असेल तर भांडायचं कोणाशी?

पण झाकण्यालाही कारण आहे हो. अधिकारवाला माणूस दिसला की चिडलेले लोक त्याच्यावरच तुटून पडतात, पार त्याचं खरं नाव, नोकरी शोधत बसतात, आणि फुकट काम करणाऱ्याने हे का सोसायचं? टोपणनावाने थोडा आडोसा मिळतो, पण पुरेसा नाही.

विकिपीडियाचे चेकयूजर बघा, ते खात्यांचे आयपी पत्ते (इंटरनेट कनेक्शनचे क्रमांक) तपासू शकतात. हा अधिकार कोणाकडे आहे ती यादी उघड, पण कोणाला तपासलं तो लॉग फक्त अधिकारवाल्यांनाच दिसतो. माझ्या मते रेघ इथेच ओढावी, अधिकार उघड आणि माणसाची खाजगी माहिती बंद.