केमो ब्रेनसाठीचा ऑनलाइन पुनर्वसन कोर्स: जरूर घ्यावा असा

कॅन्सरवरची केमोथेरपी, म्हणजे केमो, संपली, रिपोर्ट चांगले आले, तरी डोकं पूर्वीसारखं चालत नाही असं वाटत असेल (यालाच केमो ब्रेन म्हणतात) तर हा कोर्स घ्याच. न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या कामकाजाचे मानसतज्ज्ञ) आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेटतात, मधल्या दिवसांत गृहपाठ असतो.

मी हिशेबनीस आहे. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार घेऊन कामावर रुजू झाले, तेव्हा बिलावरचा आकडा स्क्रीनवर टाकेपर्यंत डोक्यातून निसटायचा. मध्येच फोन वाजला की संपलंच. आधी एका ठिकाणी स्मरणशक्तीची छोटीशी चाचणी घेऊन ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं होतं. तशा चाचण्या मुळात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) संशय तपासायला असतात. लक्ष टिकणं, विचारांचा वेग यांतली बारीक घट त्यांत सापडेलच असं नाही. इथे पहिल्याच भेटीत हे कळलं आणि मला रडूच आलं. माझी तक्रार खरी होती.

त्यांनी सगळं खापर केमोवर फोडलं नाही, हेही फार आवडलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, उदासी, हार्मोनच्या गोळ्या, सगळ्याची चौकशी केली. काही रुग्णांमध्ये तर उपचार सुरू होण्याआधीच असा फरक आढळतो. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, तेव्हा आधी त्याचं बघून घ्यायला सांगितलं.

मला सगळ्यात कामी आलं ते म्हणजे काम मध्येच सोडण्याआधी खूण करणं. फोन वाजला तरी लगेच उचलायचा नाही. शेवटची नोंद कुठली झाली, पुढची कुठली करायची, ते चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच हॅलो म्हणायचं. आकडा टाकताना तो हळूच तोंडाने म्हणायचा. किचकट ताळमेळ सकाळीच उरकायचा. शिवाय रोज चालणं, त्यावर त्यांचा फार भर आहे.

सोबत मिळणाऱ्या संगणकावरच्या खेळांत मात्र मला फारसा राम वाटला नाही. गुण वाढत गेले, कामातल्या चुका तेवढ्याच राहिल्या. ऑस्ट्रेलियातल्या २४२ जणांच्या एका अभ्यासात (२०१७) अशा घरगुती सरावाने लोकांना स्वतःला जाणवणारा त्रास कमी झाला, पण चाचण्यांच्या निकालात ठळक फरक दिसला नाही. ज्यांना त्याने बरं वाटतं त्यांनी खेळावेत, पण केवळ खेळांसाठी कोर्स घेऊ नये.

सत्र दीड तासाचं आहे, ते थकलेल्या माणसाला झेपत नाही. शेवटी शेवटी सांगितलेलं माझ्या लक्षातच राहायचं नाही. पाऊण तासाची दोन सत्रं करावीत आणि मुद्दे लेखी पाठवावेत. घरच्यांसाठी एकही सत्र नाही, ही मोठी उणीव. ‘अगं, आत्ताच तर सांगितलं तुला’ हे नवऱ्याचं वाक्य थांबलं, ते मी गृहपाठाची वही त्याला वाचायला दिल्यावर. ते काम कोर्सनेच करायला हवं होतं.